हिराजीनं बांधलेलं सील

एकोणीसशे एकाहत्तर साल. दसरा होऊन दोनच दिवस झाले होते आणि झेंडूच्या माळा अजून दारांवर सुकत होत्या. आमच्या वरखाडीच्या अणुवीजकेंद्रात, नवं इंधन ठेवायच्या गोदामाच्या लोखंडी दाराशी आम्ही चौघं उभे होतो. केंद्राचे अधीक्षक प्रभुदेसाई साहेब, परदेशातून तपासणीला आलेले मिस्टर हॉलिस, क्रेन चालवणारा हिराजी पागधरे आणि शॉर्टहँडची वही घेतलेली मी. मी साहेबांची स्टेनो. याच किनाऱ्यावरची मुलगी, त्यामुळे गरज पडली की दुभाषाही मीच.

हॉलिस साहेब आत गेले, क्रेनच्या स्विचपेटीपुढे वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"मिस सावे," ते म्हणाले, "हे जरा बघता का?"

पेटीच्या कडीला त्यांनी मार्चमध्ये लावलेलं सील होतं. शिशाची चकती होती तिथंच होती. पण ज्या तारेत ती ओवलेली होती, ती तार नव्हती. तारेच्या जागी देवळाबाहेर मिळतो तसला लाल-पिवळा दोरा होता, चांगली घट्ट गाठ मारलेला. चकतीवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती.

प्रभुदेसाई साहेबांनी डोळे मिटून घेतले. हिराजी मात्र खुशीत होता.

"तार पार गंजली होती, बाय. खारा वारा ना इथला! पेटी उघडल्याशिवाय पूजा कशी करू? म्हणून कापली ती. मग म्हटलं, साहेबांचा दोरा मळका कशाला ठेवा? नवमीला सगळंच नवं करतो आपण. सांग त्यांना."

मी सांगितलं. हॉलिस साहेब मोठ्यानं हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हिराजीही हसला. प्रभुदेसाई साहेब हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

त्या सीलाचा अर्थ साधा होता. भट्टी आणि तिचं इंधन ज्या देशानं आपल्याला दिलं, त्याच्याशी आपला करार होता की हे सगळं फक्त विजेसाठी वापरायचं. ते तसंच वापरलं जातंय ना, हे बघायला त्यांचा माणूस येणार. पुढच्या भरणीचं इंधन गोदामात होतं. ते उचलायचं तर क्रेन लागणार, म्हणून क्रेनच्या पेटीला सील. सील शाबूत तर इंधन जागेवर. सील तुटलं तर कुणी काहीही म्हणायला मोकळं.

आणि तुटलं तेही नेमक्या वेळी. त्याच वर्षी ठरलं होतं की यापुढे तपासणी त्या देशाची माणसं करणार नाहीत, व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची करतील. हॉलिस साहेबांची ही शेवटची फेरी. दुसऱ्या दिवशी संस्थेचा माणूस यायचा होता. हॉलिस आपली सीलं काढणार, तो आपली लावणार, दोघं कागदावर सह्या करणार, एवढंच काम होतं.

हॉलिस साहेब आम्हाला परके नव्हते. भट्टीचा पाया खणत होते तेव्हापासून ते येत होते. माझ्या भावाच्या लग्नात फेटा बांधून पंगतीत बसले होते. हिराजीला ते 'कॅप्टन' म्हणायचे आणि त्याच्या घरी जाऊन बोंबील खायचे. मार्चमध्ये सील लावताना हिराजीच्या मनगटावरचा दोरा बघून त्यांनी मला विचारलं होतं, हे काय आहे? मी म्हटलं, देवाचा आहे, रक्षणासाठी बांधतात. तेव्हा ते म्हणाले होते, "मग कॅप्टनला सांगा, हा माझ्या देशाचा दोरा." मी सांगितलं होतं. हिराजीनं मान डोलवून ते मनात ठेवलं होतं.

दुपारी आम्ही साहेबांच्या खोलीत बसलो. हॉलिस साहेबांनी चहात तीन चमचे साखर घातली.

"प्रभू," ते म्हणाले. त्यांना पूर्ण आडनाव कधी जमलं नाही. या जगात हा एकच माणूस मला देव म्हणतो, असं साहेब आम्हाला सांगत. "माझ्या बॅगेत नवी तार आहे. पाच मिनिटांचं काम. उद्या व्हिएन्नाचा माणूस येईल तेव्हा सील जसंच्या तसं असेल."

साहेब आपला चहा ढवळत राहिले.

"कॅप्टनला उगाच त्रास कशाला? आपलं आपल्यात. इतकी वर्षं आपलं आपल्यातच मिटत आलंय ना?"

"मिटत आलंय," साहेब म्हणाले.

"त्या माणसाला खंडेनवमी काय कळणार? तो लिहील, सील तोडलं. ते शंभर देश वाचतील."

मी वही मिटून उठायला लागले, तर हॉलिस साहेब म्हणाले, "बसा हो. हे लिहायचं नाहीच आहे." मग त्यांनी कप बाजूला केला. "ते एक पत्र तुमच्याकडे अडलंय, प्रभू. वापरलेल्या इंधनाचं पुढे काय करायचं ते आमच्या संमतीनं ठरवायचं, एवढंच वाक्य. तुमची मुंबईची माणसं तुमच्या शिफारशीसाठी थांबलीत. ती शिफारस या महिन्यात गेली तर मला घरी जाऊन तोंड दाखवता येईल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, बरं का. मित्र म्हणून सांगतोय."

ते गेल्यावर साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"संबंध नाही म्हणे," ते म्हणाले. "मी विचारलं होतं का?"

"पण साहेब, त्यांनी तार बांधली तर हिराजी वाचेल ना?"

"वाचेल की."

"मग?"

"मग काय, शालन? तो तार बांधून जाईल. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी कुठल्यातरी टेबलाशी त्यांच्यातला कुणी म्हणेल, तुमच्यासाठी आम्ही काय केलं होतं ते आठवतं ना? तेव्हा मी इथं नसेन. पण ते विसरणार नाहीत." त्यांनी पोटावर हात दाबला. त्यांना अल्सर होता. "भांडणारा माणूस परवडला. हा प्रेमानं मागतो. त्याला नाही म्हणायचा मला कंटाळा आलाय."

संध्याकाळी मी हिराजीच्या घरी गेले. केंद्रासाठी त्याच्या मासेमार मांगेल्यांच्या गावाची जमीन आणि किनारा गेला होता, म्हणून सरकारनं मागच्या बाजूला नवी वसाहत बांधून दिली होती. घरटी एकाला काम मिळालं होतं. कुणी झाडूवाला, कुणी माळी, कुणी गेटवर. वर क्रेनच्या खुर्चीत बसलेला त्यांच्यातला एकटा हिराजी. बायकापोरं त्याला लांबून बघायला कुंपणाशी येत. जानेवारीत त्याला कायम करायचं ठरलं होतं.

"साहेब हसले ना पण?" तो मला विचारत होता. "पोट धरून हसले. तू बघितलंस."

"हसले हो, हिराजीभाऊ."

"मग त्यांनी बांधावी की नवी तार. मी परत हात लावणार नाही. कान पकडतो."

"ते बांधायला तयार आहेत."

"मग मिटलं!"

"नाही मिटलं," मी म्हटलं, आणि पुढे कसं सांगावं ते मला कळेना. हॉलिस साहेबांचं पत्र, मुंबई, व्हिएन्ना. हिराजीची बायको नर्मदा सुक्या मासळीवरचं फडकं झटकत होती. ती म्हणाली, "एवढे शिकलेले लोक तुम्ही, आणि एका दोऱ्याचा निकाल लागेना तुम्हाला?"

हिराजीनं तिला गप्प केलं. मग खाली बघत विचारलं, "बाय, खरं सांग. मला खाली उतरवतील?"

मी म्हटलं, नाही उतरवणार. मला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाचा माणूस आला. कोवाच नाव, हंगेरीचा. बुटका, फिकट, कोपरांवर झिजलेला कोट आणि हातात औषधाच्या गोळ्यांची डबी. गेस्टहाउसमध्ये त्याच्यासाठी कोंबडी केली होती, ती त्यानं परत पाठवली आणि दहीभात मागितला. साहेबांनी बंगल्यावर चहाला बोलावलं तर म्हणाला, "काम झाल्यावर बघू." आमचा बल्लव दिवसभर धुसफुसत होता. म्हणाला, "तो हॉलिस निदान माणूस तरी होता."

गोदामाच्या दाराशी पोचलो. हॉलिस साहेबांनी साहेबांकडे बघितलं. त्यांच्या कोटाच्या खिशातून तारेचं भेंडोळं जरासं बाहेर दिसत होतं. अजून वेळ गेली नव्हती. कोवाचना आधी कंट्रोलरूम दाखवायला नेलं असतं तर तेवढ्यात काम उरकलं असतं.

"आत जाण्याआधी एक सांगतो," प्रभुदेसाई साहेब म्हणाले. "क्रेनचं सील तुटलेलं आहे. आमच्याच माणसाकडून."

हॉलिस साहेबांनी तार खिशात आत दाबली आणि दुसरीकडे बघितलं.

"कोणाकडून?" कोवाचनी विचारलं.

"एका कामगाराकडून. आम्ही चौकशी नेमतो आणि..."

"तो कुठं आहे?"

"त्याला इंग्रजी येत नाही."

"या बाईंना येतं ना?"

हिराजीला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. जणू त्याला ठाऊकच होतं. कोवाच एकेक प्रश्न विचारायचे, उत्तर पुरं होईपर्यंत मध्ये बोलायचे नाहीत. हिराजीनं सगळं सांगितलं. गंजलेली तार, नवमी, पूजा. मग हॉलिस साहेबांकडे बोट करून म्हणाला, "यांनीच सांगितलं होतं मला, हा त्यांच्या देशाचा दोरा आहे. नवमीला जुना दोरा ठेवत नाहीत, बाय. सांग ना."

मी शब्दाला शब्द सांगितलं. हॉलिस साहेबांचा चेहरा लाल झाला.

"ती थट्टा होती," ते म्हणाले.

"थट्टा," कोवाच म्हणाले आणि लिहून घेतलं. मग हिराजीला म्हणाले, "तुम्ही कसं केलंत ते मला दाखवा."

"आत्ता?" हिराजी मला म्हणाला. "आज कुठं नवमी आहे?"

"आज तो दिवस नाही म्हणतात."

"माझ्यासाठी दाखवा म्हणावं."

हिराजीनं चपला काढल्या. कोवाचनी विचारलं, मीही बूट काढायचे का?

"नको म्हणावं," हिराजी म्हणाला. "पाहुणे आहेत ते."

मी ते सांगितलं. "मी पाहुणा नाही," कोवाच म्हणाले आणि भिंतीला टेकून बूट काढले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. हळद नव्हती, कुंकू नव्हतं, झेंडूही नव्हता. हिराजीनं नुसत्या हातांनी सगळं करून दाखवलं. फडकं कसं फिरवलं, तार कुठं कापली, पेटीत कुठं कुठं बोट टेकलं, हात कसे जोडले, दोरा कसा ओवला. शेवटी नारळ फोडल्यासारखं केलं आणि तोच जरा ओशाळला. कोणी हसलं नाही.

"ठीक," कोवाच म्हणाले. "आता सगळं मोजायचं."

त्या मोजण्यानं आमचा जीव काढला. एकेक पेटी खाली घ्यायची, उघडायची, आतल्या इंधनाच्या बंडलावरचा नंबर वाचायचा, मी लिहायचा, पेटी बंद करून वर ठेवायची. ऊन तापलं होतं, पत्र्याखाली श्वास घेववत नव्हता. हिराजी वरून क्रेन चालवत होता, आणि त्याची पेटी इतक्या अलगद टेकायची की खालच्या फळीचा आवाज होत नसे. हॉलिस साहेबांनाही थांबावं लागलं, कारण शेवटी दोघांच्या सह्या हव्या होत्या. ते खुर्ची टाकून बसत आणि माझ्याशी बोलत नसत. एकदा मात्र म्हणाले, "मिस सावे, हे सगळं टाळता आलं असतं." खोटं नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी मला चक्कर आली तेव्हा मलाही तसंच वाटलं. ओळखीच्या माणसानं पाच मिनिटांत तार बांधली असती. आम्ही सगळे घरी गेलो असतो.

शेवटच्या दुपारी कोवाच डबीतली गोळी घेत पायरीवर बसले होते. मी धीर करून विचारलं, "तुम्ही त्याला माफ कराल ना?"

त्यांना प्रश्न कळायला वेळ लागला. "बाई, माफ करणं माझ्या हातात नाही. शिक्षा करणंही नाही. मी मोजतो आणि जातो." मग थांबून म्हणाले, "ज्याच्या हातात माफी असते, त्याच्याशी फार जपून राहावं लागतं. माझ्या देशात मी हे शिकलो."

मोजणी पुरी झाली. त्यांनी अहवाल तोंडी सांगितला, मी लिहून घेतला. वार्षिक साफसफाई आणि स्थानिक धार्मिक विधीच्या वेळी क्रेनचालकाकडून सील काढलं गेलं. केंद्राच्या अधीक्षकांनी ते स्वतःहून सांगितलं. सर्व इंधन मोजलं. कमी काही नाही. नवं सील लावलं.

"चालकाचं नाव?" मी विचारलं.

"लागत नाही." ते कागद आवरत होते. "चांगला हात आहे त्याचा. पुढच्या वेळी तोच असेल ना वर?"

"असेल," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी साहेबांनी त्यांना परत चहाला विचारलं. काम झालं होतं, तरी ते आले नाहीत. गाडी गाठायची होती.

मला वाटलं, निभावलं. साहेबांनाही वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला. आठवड्यानं मुंबईच्या मुख्य कार्यालयाकडून विचारणा आली. अहवालाची प्रत पोचली, सील प्रकरणी आपण कोणती कारवाई केली? साहेबांनी मला उत्तर सांगायला घेतलं. तिसऱ्या ओळीत हिराजीचं नाव आलं आणि माझी पेन्सिल थांबली.

"साहेब, व्हिएन्नाच्या अहवालात नाव नाही."

"ठाऊक आहे मला."

"त्यांनी मुद्दाम नाही घातलं. मी विचारलं होतं."

"ते परके आहेत, शालन. त्यांना नाव नसलं तरी चालतं. आपल्याला नावाशिवाय फाइल बंद करता येत नाही."

"मग चालक एवढंच लिहा. त्यांनी परत विचारलं तर बघू."

"परत विचारतील. मग मी लपवतोय म्हणतील. मग मागचं सगळं उकरतील, हॉलिसनं काय सुचवलं होतं, मी ऐकून का घेतलं." ते रागावले नव्हते. त्यांचा आवाज फक्त थकलेला होता. "तिकडं एकदा नाही म्हणून झालं. आता इकडंही नाही म्हणायचं बळ नाही माझ्यात. एखादी ताकीद देतील नि सोडतील. लिही."

दिवाळीच्या आधी हुकूम आला. हिराजी पागधरे यांना भट्टी आणि इंधन विभागांत प्रवेश नाही. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपहाउसवर मदतनीस म्हणून बदली. जानेवारीत त्याला कायम मात्र केलं, पंपहाउसवर.

तो निरोप मीच नेला. हिराजीनं फार काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "त्या बुटक्या साहेबानं लिहिलं का गं असं?" मी म्हटलं, नाही. "मग हॉलिस साहेबानं?" मी म्हटलं, नाही. तो तिसरं नाव घेईल म्हणून मी उभी राहिले. त्यानं घेतलं नाही. नर्मदेनं मला पाणी दिलं, बस मात्र म्हणाली नाही.

हॉलिस साहेबांचं नाताळचं कार्ड त्या वर्षी आलं, पुढची दोन वर्षंही आलं. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात राजस्थानात आपल्या देशानं अणुचाचणी केली आणि पुढच्या नाताळाला कार्ड आलं नाही. मग कधीच आलं नाही. त्यांच्या देशानं इंधनही पुढे थांबवलं. माझ्या भावाच्या लग्नाच्या फोटोत ते अजून फेटा बांधून बसलेले आहेत.

प्रभुदेसाई साहेब सहा वर्षांनी निवृत्त होऊन सांगलीला गेले. ती शिफारस त्यांनी शेवटपर्यंत केली नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर फार जगले नाहीत. मी भेटायला गेले होते तेव्हा त्यांनी केंद्रातल्या सगळ्यांची चौकशी केली, एकाची सोडून.

हिराजीनं पंपहाउसवर नोकरी पुरी केली. त्याच्यानंतर त्यांच्या वस्तीतलं कोणी त्या क्रेनवर चढलं नाही. मुलगा बोट चालवायचा, मुलगी पालघरला नर्स झाली. तो जाऊन बारा वर्षं झाली, नर्मदा त्याच्या आधीच गेली. मी लग्न केलं नाही. स्टेनोची ऑफिस सुपरिंटेंडंट झाले, निवृत्त झाले आणि आता डहाणूला भाचीकडे असते.

कोवाच परत आले नाहीत. ती संस्था एकच माणूस पुन्हा पुन्हा पाठवत नसे, ओळखी वाढू नयेत म्हणून. ते चांगलंच असावं. पुढच्या वर्षी आला तो उंच, तरुण आणि फार सभ्य होता. मी त्याच्यामागून वही घेऊन फिरले. वर क्रेनवर नागपूरकडचा एक नवा मुलगा बसला होता, आणि त्याच्या पेट्या खाली आदळत होत्या. त्या पाहुण्यानं कुठलीच चौकशी केली नाही. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यानं सगळं नीट मोजलं आणि मला सांगितलं तसं मी लिहिलं. सील शाबूत. मोजणी पूर्ण. कमी काही नाही.